जुन्या फायबर बोटीचा डेक दबतोय: वरून प्लाय मारू की उघडू?

धायरीचा खलाशी
मंडळी, मामांची अठरा फुटी फायबरची बोट आहे. इतकी वर्षं रेवदंड्याच्या खाडीत असायची. आता त्यांच्याच्याने होत नाही, म्हणून ट्रेलरवर घालून ताम्हिणीतून वर आणली. सध्या धायरीत मित्राच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन ठणठणीत, तळालाही काही झालेलं नाही. रडगाणं आहे ते डेकचं. पुढच्या हॅचपाशी (आत उतरायच्या झाकणापाशी) पाय ठेवला की डेक खाली दबतो, आणि उजव्या क्लीटजवळ (दोर बांधायच्या खुंटीजवळ) जोर दिला की स्क्रूच्या भोकातून तांबूस पाणी वर येतं.

तिघांना दाखवली, तिघांची तीन मतं. शेजारचा फर्निचरवाला म्हणतो, आहे त्यावरच १२ मिमी प्लाय ठोकू, वरून फायबर मारू, झालं काम. नऱ्ह्याचा एक फॅब्रिकेटर म्हणतो, भोकं पाडून आत रेझिन सोडू. आणि मामांचं तिसरंच. वाडा पाडला तेव्हाचं सागवान गोठ्यात पडून आहे, त्याच्या पट्ट्या काढ आणि बोटीला शोभेल असा डेक कर, असा त्यांचा आग्रह. वर नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात जाणार असं सगळ्या नातेवाइकांना सांगूनही झालंय. होळी तर झाली. काय करावं?

सिंहगड रोडकर
खडकवासल्यात सोडायचा बेत असेल तर डेक राहू द्या, आधी पाटबंधारे खात्याच्या परवानगीचं बघा.

धायरीचा खलाशी
नाही हो, बोट परत रेवदंड्यालाच जाणार. इथे फक्त शेड फुकट आहे.

जुना फायबरवाला
फुकट शेड पुण्यात! मग निम्मा खर्च वाचला म्हणायचा.

तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका. मामांचं थोडं ऐका, पण ते नंतर.

तुमचा डेक म्हणजे एकच जाड पत्रा नव्हे. वर फायबरची पातळ कातडी, खाली तशीच दुसरी, आणि मध्ये प्लाय किंवा बाल्साचं लाकूड. तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत तोवर डेक ताठ. मधलं लाकूड कुजलं किंवा कातडीपासून सुटलं, की वरची कातडी तेवढी पायाखाली नाचते. तांबूस पाणी येतंय म्हणजे आतलं लाकूड भिजलंय, आणि भिजलं ते त्या क्लीटच्या स्क्रूंमधून. हॅचच्या बिजागऱ्यांचीही तीच कथा असणार. बोट बांधताना भोक पाडायचं, स्क्रू पिळायचा, वर थोडं सीलंट फासायचं. सीलंट आज ना उद्या सुकतंच, आणि मग दर पावसाळ्यात थेंब थेंब आत.

फर्निचरवाल्याचं ऐकलंत तर कूज आत झाकून टाकाल आणि नवे स्क्रू त्याच कुजक्या लाकडात बसतील. शिवाय ८ बाय ४ चा १२ मिमी मरीन प्लाय २४-२५ किलोच्या घरात जातो. अठरा फुटी बोटीत तेवढं वजन वर चढवलं की ती डुलायला लागणार. रेझिन आत सोडणं हा इलाज आहे, नाही असं नाही, पण लाकूड कोरडं असून नुसती कातडी सुटली असेल तर. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही.

आधी हद्द शोधा. माठ घेताना वाजवून बघतो ना, तसा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा डेक वाजवत जा. टणक आवाज आला तर पुढे चला, बद्द आला तर खडूने खूण करा. मग खुणांच्या कडेकडेने ६ मिमी ड्रिल लावा, पण फक्त वरची कातडी आणि लाकूड भेदायचं, खालची कातडी नाही. जो भुसा निघेल तो बोटांत चोळून बघा. फिकट आणि कोरडा निघाला तर तिथे थांबा. काळपट, ओला, आंबूस वासाचा निघाला तर हद्द अजून पुढे आहे. ही भोकं नंतर इपॉक्सीने बुजतात, त्यांची काळजी नको.

हद्द ठरली की वरची कातडी ग्राइंडरने कापून एका तुकड्यात उचला. फेकू नका, तीच परत बसवता येते. त्याआधी केबिनमधून खालच्या कातडीला टेकू द्या, नाहीतर डेकचा बाक, म्हणजे मधला फुगवटा, जातो आणि मग पाणी मधोमध साचून राहतं. कूज खरवडून काढा आणि ते उघडं अंग एप्रिलभर तसंच सुकू द्या. पुण्याच्या उन्हाळ्यातली कोरडी हवा रेवदंड्याला पैसे देऊन मिळणार नाही.

नवीन लाकूड आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लायच घ्या. आयएस ३०३ शिक्क्याचा प्लाय घरच्या फर्निचरला ठीक. भवानी पेठेत टिंबर मार्केटला चक्कर मारा आणि शिक्का स्वतः बघून घ्या. १२ मिमीचा अखंड तुकडा बाकावर वळणार नाही, ६ मिमीचे दोन थर एकावर एक चिकटवा.

चाकणची कंपोझिटवाली
काकांनी रेझिन कुठलं ते सांगितलं नाही, म्हणून मध्ये बोलते. फॅब्रिकेटर पॉलिएस्टर सुचवेल, स्वस्त पडतं. नवी बोट साच्यात घडवायला ते उत्तम, पण जुन्या फायबरवर आणि प्लायवर चिकटायला इपॉक्सीच. आणि इपॉक्सीखाली साधी चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक तंतूंची चटई) घालू नका. तिच्यातला बांधणारा पदार्थ बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळावा म्हणून घातलेला असतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजतच नाही. विणलेलं कापड घ्या.

इपॉक्सीत हार्डनर लिहिल्या प्रमाणातच, वजनकाट्यावर मोजून. "लवकर सेट व्हावं म्हणून थोडं जास्त" हे इथे चालत नाही, चिकट राहील ते कायमचं. मे महिन्यात दुपारी कालवू नका, सकाळी लवकर करा, आणि एका वेळी थोडंच, पसरट ट्रेमध्ये. बादलीत ठेवलंत तर आपल्याच उष्णतेने धूर काढतं.

तरीही पॉलिएस्टर वापरलंतच तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपल्याकडे ते बऱ्याचदा तीन डब्यांत मिळतं: रेझिन, जांभळा कोबाल्ट (सेट व्हायचा वेग वाढवणारा) आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा हवाच. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. शेड मित्राची आहे, त्याच्या गाडीवर ताडपत्री टाका म्हणजे मैत्री टिकेल.

धायरीचा खलाशी
ताई, काका, मनापासून आभार. काल वाजवून बघितलं. हॅचच्या पुढे साधारण दोन बाय तीन फूट बद्द, आणि क्लीटभोवती ताटाएवढं. ड्रिलमधून काळा चिखलच आला. मागचा सगळा डेक मात्र टणक आहे. मग कापायचं तेवढंच, बरोबर? आणि वर फिनिश काय द्यायचं? बाजारात ते सागवानासारखे दिसणारे फोमचे चिकट शीट आहेत, मामांना फोटो दाखवला तर फोनच ठेवला त्यांनी.

जुना फायबरवाला
मामा माणूस चांगला आहे.

हो, तेवढंच कापा, चहूबाजूंनी बोटभर चांगला भाग धरून. कातडी परत बसवल्यावर सांध्याला दोन्ही बाजूंनी उतार घासा. कातडी ३ मिमी असेल तर उतार ३६ मिमी, म्हणजे एकास बारा. त्या उतारात कापडाचे थर भरा. नुसती फट पुट्टीने बुजवली तर पहिल्याच लाटेत तडा.

फिनिशला दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. उघड्या इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे रंग हवाच. पाय घसरू नये म्हणून पहिला हात ओला असतानाच वरून चाळलेली, धुऊन सुकवलेली बारीक वाळू भुरभुरवा. सुकल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात. क्लीट आणि हॅचच्या कडेने मात्र टेप लावून बोटभर पट्टी गुळगुळीत ठेवा, नाहीतर तिथे सीलंट नीट बसत नाही. रंग फिकट राखाडी. पांढऱ्याने डोळे दिपतात, गडद रंगावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. फोमचं शीट पायाला मऊ लागतं हे खरं, पण उन्हात विटतं आणि कडा सुटल्या की खाली पाणी राहतं.

आता सागवान. पट्ट्या स्क्रूने ठोकल्या तर तुम्ही डेकला शेकडो नवी भोकं पाडाल, म्हणजे आत्ताचंच दुखणं शंभर जागी. चिकटवूनही बसवतात, पण अठरा फुटी बोटीला ते वजन आणि तो खर्च मला पटत नाही. त्यापेक्षा हॅचचं झाकण आणि कडेची कठडा-पट्टी सागवानाची करा, मामा खूश. वाड्याच्या लाकडात जुने खिळे आत मोडून बसलेले असतात, रंध्याला द्यायच्या आधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर सुताराची पाती जातील आणि तो तुम्हाला परत दारात उभा करणार नाही.

धायरीचा खलाशी
हे मामांना चालेल. क्लीट परत बसवताना सिलिकॉन लावू का?

चाकणची कंपोझिटवाली
सिलिकॉन अजिबात नको, एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग धरत नाही. पॉलियुरेथेन सीलंट घ्या. पण त्याआधी प्रत्येक भोक मोठं करून इपॉक्सीने पूर्ण भरा आणि सुकल्यावर त्यातच स्क्रूचं भोक पाडा. मग सीलंट गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. मागच्या टणक डेकवरच्या फिटिंगांनाही हेच करा, आता शेडमध्ये आहे तोवर.

जुना फायबरवाला
आणि क्लीटला स्क्रू नको, आरपार बोल्ट आणि खाली स्टेनलेसची प्लेट. नारळी पौर्णिमेचं म्हणाल तर तेव्हा समुद्र खवळलेलाच असतो. मामांना नारळ वाहू द्या, बोट दिवाळीच्या सुमारास उतरवा. रंग तेवढा जून लागायच्या आत आटपा, पावसाळी हवेत वरचा हात पांढुरका पडतो.