गावातल्या रयतच्या शाळेचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

माजी_विद्यार्थी:
आमच्या गावचं हायस्कूल रयत शिक्षण संस्थेचं. माजी विद्यार्थी मिळून स्मरणिका काढतोय आणि इतिहासाचं प्रकरण माझ्याकडे आलंय. कर्मवीरांविषयी पुष्कळ वाचायला मिळतं, पण आमच्या शाळेचं असं काही हाती लागत नाही. शाळेतून मान्यतेची तारीख आणि मुख्याध्यापकांची यादी मिळाली. एवढ्यावर काय लिहू?

निवृत्त_मुख्याध्यापक:
यादी शेवटच्या पानावर टाका. माझी सगळी नोकरी रयतमध्ये गेली, म्हणून हक्कानं सांगतो.

संस्थेचा भाग एका पानात बसवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. तिथं पोरं अंगमेहनत करून शिकली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे शाळेच्या भिंतीवर तुम्ही रोज वाचलंय, त्यामागचं हे सगळं.

उरलेली पानं गावाला द्या. ही शाळा गावानं उभी केली असणार, आणि त्याचा पुरावा कागदावर सापडतो. जागा कुणी दिली हे तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीत बघा, बक्षीसपत्र असेल तर उत्तमच. शाळा समितीच्या सभांचं इतिवृत्त मागा. तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे वाचा. 'छप्पर गळते, वर्ग देवळात भरतो' असं एखादं वाक्य मिळालं तरी पानभर भाषणापेक्षा ते मोलाचं.

आणि जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक पोराच्या दाखल होण्याची आणि शाळा सोडण्याची नोंदवही. ते कधीच नष्ट करत नाहीत, तेव्हा पहिला खंड शाळेत असणारच. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यांच्यासमोरच बसून वाचा. सगळे आधी जन्मतारखा बघतात. तुम्ही 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचत या. 'घरकामासाठी', 'सतत गैरहजर', 'परगावी गेल्याने'. मुलींच्या नावापुढं काय लिहिलंय ते वेगळं टिपा. मी हा रकाना अनेकदा वाचलाय आणि दर वेळी मन अस्वस्थ झालंय. दुष्काळी सालात नावं कशी भराभर कमी होतात, ते तिथंच दिसतं. मात्र कुणाचं नाव, जात छापू नका. त्यांची नातवंडं गावात आहेत.

साताऱ्याची_लेक:
सरांशी सहमत, पण बायकांचं काय? साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पोरांना त्यांनी आईच्या मायेनं वाढलं. १९३० मध्ये त्या गेल्या, संस्थेचा एवढा विस्तार त्यांना बघायला मिळाला नाही. तुमच्या गावातही मास्तरांना जेवू घालणाऱ्या, परगावची पोरं घरात ठेवून घेणाऱ्या बाया असतील. देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर त्या नाहीत. ऐंशीच्या पुढच्या आज्यांना आत्ताच जाऊन भेटा, कागद पुढच्या महिन्यातही मिळतील.

माजी_विद्यार्थी:
मनापासून आभार. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलंय की इमारतीसाठी घरटी ज्वारी गोळा केली होती. हे कागदावर कुठं मिळेल का? की तिच्या शब्दांवरच छापू?

निवृत्त_मुख्याध्यापक:
छापा, पण 'आजी सांगते' असं म्हणूनच. जुनी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, शाळेत असेल तर इमारत निधीची जमा बाजू तपासा. धान्य विकून आलेली रक्कम तिथं पडलेली असू शकते. शिवाय आजीला विचारा, ज्वारी मोजायला अधोली होती की पायली, आणि साठवली कुणाच्या घरात. त्या घरी जा. जुन्या पेटीत पावतीपुस्तकात मागं राहणाऱ्या स्थळप्रती निघालेल्या मी पाहिल्यात.