मदत हवी आहे: एनडीएम-१ च्या झिंकपाशी कॅप्टोप्रिल नीट बसत नाहीये

नमस्कार मंडळी, डॉकिंग (एखादा रेणू प्रोटीनच्या खाचेत कसा बसेल हे कॉम्प्युटरवर बघणं) करणारं कुणी आहे का इथे?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला एनडीएम-१ घेतलंय. कार्बापेनेमसारखी राखीव अँटिबायोटिक्ससुद्धा फोडून टाकणारं हे जिवाणूंचं एन्झाइम. त्याच्या खाचेत दोन झिंक आयन असतात. एकाला एन्झाइममधली तीन हिस्टिडिन अमिनो आम्लं धरून ठेवतात, दुसऱ्याला अस्पार्टेट, सिस्टीन आणि एक हिस्टिडिन. या दोन झिंकच्या मधला हायड्रॉक्साइड औषधाच्या बीटा-लॅक्टम कड्यावर हल्ला करतो नि कडं उघडतं. मग औषध निकामी.

पीडीबीतली (प्रोटीनच्या रचनांच्या डेटाबेसमधली) ४ईएक्सएस ही रचना वापरतेय, तिच्यात एल-कॅप्टोप्रिल बसलेलं आहे. (हो, ब्लड प्रेशरच्या गोळीतलंच!) नवे रेणू तपासण्याआधी म्हटलं, हेच काढून परत बसवून बघू. क्रिस्टलमध्ये त्याचा सल्फर दोन्ही झिंकच्या मधोमध आहे. माझ्याकडे व्हिना (डॉकिंगचं सॉफ्टवेअर) मात्र दरवेळी कॅप्टोप्रिलचं कार्बॉक्सिलेट (आम्लाचं टोक) झिंककडे वळवतं आणि सल्फर बाहेर पाण्याकडे तोंड करून बसतो. स्कोअर झकास येतो, पण अशा स्कोअरवर माझा तरी विश्वास बसत नाही.

थायॉलवरचा (म्हणजे सल्फरला जोडलेला) हायड्रोजन काढून टाकायचा ना? झिंकचे चार्ज हाताने भरायचे, की सरळ झिंकसाठीच बनवलेलं ऑटोडॉक४-झिंक वापरायचं? आणि कॅप्टोप्रिलचा सल्फर हायड्रॉक्साइडच्या जागी येतो हे ठीक, पण ज्या रेणूंत सल्फरच नाही त्यांच्यासाठी तो हायड्रॉक्साइड ठेवायचा की काढायचा? खरी अडचण इथेच आहे.

गाइडचा हात प्रोटीन शुद्धीकरणात बसलेला, त्यामुळे तिकडून फारसं काही मिळत नाही. कुणी झिंकवाल्या एन्झाइमवर काम केलं असेल तर प्लीज सांगा, सेटिंगची फाइल लगेच टाकते.