अमेरिकेतली पहिली फाटाफूट: प्रदेशाची की खिशाची?

जुना_नकाशा (धागाकर्ता)
१७९६ साली निरोपाच्या पत्रात पहिला अध्यक्ष वॉशिंग्टनने बजावलं होतं की उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम असे पक्ष पाडू नका. तोवर ते पडूनही गेले होते! त्याचा अर्थमंत्री हॅमिल्टन विरुद्ध परराष्ट्रमंत्री जेफरसन हा विचारांचा सामना म्हणून सांगतात, पण मला ते मुळात प्रदेशांचं भांडण वाटतं. १७९० चं कर्जप्रकरण घ्या. स्वातंत्र्ययुद्धात झालेली राज्यांची कर्जं केंद्राने अंगावर घ्यावीत, असं हॅमिल्टनचं म्हणणं. मॅसॅच्युसेट्स कर्जात बुडालेलं, त्याला ते हवंच होतं. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं फेडलेलं. दुसऱ्याचं आम्ही का भरायचं, हा तिथला सवाल. शेवटी जेफरसनच्या घरी जेवताना तोड निघाली: कर्ज केंद्राकडे, राजधानी व्हर्जिनियाला लागून पोटोमॅक नदीच्या काठी. यात तत्त्व कुठे दिसतंय?

रोखठोक
असहमत. दक्षिण कॅरोलिना तर पक्की दक्षिणेतली ना? तिच्यावरही भलंमोठं कर्ज होतं, म्हणून या प्रश्नात ती हॅमिल्टनच्या बाजूला. आणि पेनसिल्व्हेनिया? एकाच राज्यात इकडे फिलाडेल्फिया, तिकडे अ‍ॅलेगेनी डोंगरापलीकडचा शेतकरी. राय नावाच्या धान्याची पोती घोड्यावर लादून डोंगर ओलांडायचा तर पदरात काही पडत नाही, म्हणून तो भट्टी लावून व्हिस्की काढायचा. रोकड इतकी कमी की व्यवहारात पैशाच्या जागी व्हिस्कीच चालायची. १७९१ मध्ये नेमकी तिच्यावरच अबकारी, तीही रोखीत, आणि मोठ्या भट्टीवाल्याला गॅलनमागे कमी पडेल अशी! १७९४ मध्ये बंड पेटलं, तेव्हा वॉशिंग्टनने १३ हजारांच्या आसपास फौज काढली. हे रोकडवाले आणि बिनरोकडवाले यांचं भांडण आहे.

जुना_नकाशा
डोंगरापलीकडे म्हणजे प्रदेशच झाला की हो!

रोखठोक
मग आमच्या मागच्या गल्लीलाही प्रदेश म्हणा.

मीठभाकर
दोघंही कडेकडेने चाललाय. गुलामगिरीचा शब्दही नाही? लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असं घटनेतच होतं. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जादा जागा, आणि त्या हिशेबाने अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधीही जादा. १८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जेफरसन ७३, तेव्हाचा अध्यक्ष अ‍ॅडम्स ६५. ती जादा मोजणी वगळा, अ‍ॅडम्स जिंकतो.

रोखठोक
आणि न्यूयॉर्क विसरलात? त्याची १२ मतं १७९६ मध्ये अ‍ॅडम्सला होती, १८०० मध्ये जेफरसनकडे गेली. ती तिथेच राहिली असती तर ७७ विरुद्ध ६१, तुमची जादा मोजणी धरूनसुद्धा. न्यूयॉर्क शहरातली मतं जेफरसनच्या पक्षाच्या ॲरन बरने वॉर्डावॉर्डात माणसं कामाला लावून फिरवली.

मीठभाकर
मान्य. पण बरला वणवण करावी लागली. व्हर्जिनियाची जादा मतं मळ्यावरची डोकी मोजूनच आली.

जुना_नकाशा
माझा मुद्दा अजून उभा आहे. केंद्राचा घटनाबाह्य कायदा राज्यं अडवू शकतात, हे १७९८ मध्ये जेफरसन आणि त्याचा साथी मॅडिसन म्हणत होते. न्यू इंग्लंडने, म्हणजे मॅसॅच्युसेट्स वगैरे ईशान्येकडच्या राज्यांनी, तेव्हा नाकं मुरडली. मग १८०७ मध्ये अध्यक्ष जेफरसननेच परदेशी व्यापारावर बंदी घातली, बॉस्टन-सेलमची जहाजं धक्क्याला बांधून पडली. पुढे इंग्लंडशी युद्ध. डिसेंबर १८१४ मध्ये तेच न्यू इंग्लंडवाले कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला जमून राज्यांच्या हक्काची पोथी वाचू लागले! तत्त्व तेच, फक्त गाव बदललं.

मीठभाकर
हार्टफर्डची यादी एकदा बघाच. घटनादुरुस्त्यांमधली पहिलीच मागणी: प्रतिनिधींची संख्या फक्त स्वतंत्र माणसं मोजून ठरवा. गुलामांचा कळवळा कमी, काँग्रेसमधल्या कमी पडणाऱ्या जागांची बोच जास्त.

रोखठोक
म्हणजे फिरून खिसाच. जहाजं बंद पडेपर्यंत हीच मोजणी त्यांना वीसेक वर्षं चालली होती ना?