स्पर्धेला वाकळ पाठवावी का?

ताई, हाताने शिवलेली वाकळ, म्हणजे आपली गोधडी, मशीनवरच्या क्विल्टपुढे टिकेल का, असं विचारलंत. जरूर पाठवा, फक्त हातशिलाईचा वेगळा गट असेल तिथे.

मी इथे सांगलीत आईच्या इरकली लुगड्यांची वाकळ शिवून पाठवली होती. परीक्षकांचा शेरा रंगांपेक्षा कारागिरीवरच जास्त होता: गोट (कडेची दुमडपट्टी) सगळीकडे सारखा भरलाय का, कोपरे काटकोनात आहेत का, टांगल्यावर खालची कड लहरते का. आपल्याकडे धावदोरा कडेपासून सुरू करून मध्याकडे नेतात. त्यात कापड आत सरकत जातं आणि मध्ये फुगवटा येतो. अंथरायला त्याचं काही बिघडत नाही, भिंतीवर मात्र लगेच दिसतो. म्हणून सगळे थर आधी मध्यापासून बाहेर मोठ्या टाक्यांनी टाचून घ्या, मग खुशाल आपल्या पद्धतीने फेऱ्या घाला. ती फेऱ्यांची नक्षी सोडू नका, वाकळेचं सगळं देखणेपण तिच्यातच आहे!

तुकडे जोडणार असाल तर पाव इंच शिलाई काटेकोर ठेवा. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं तरी दोन्ही तुकडे मिळून एक सूत खातं, म्हणजे आठ जोडांत पट्टी इंचभर आखूड.

इरकलीचा लाल पदर आधी वेगळा धुऊन पाहा. रंग जात असेल तर फिक्या तुकड्याशेजारी लावू नका.