आधी वजन चढवायचं, मग तेच उतरवायचं? पोर्शे ९१८ बद्दल एक शंका

कुंभार्ली

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं मेकॅनिक होतो. आता रिटायर आहे आणि सध्या लेकीकडे श्टुटगार्टला आलोय. रविवारी जावई मला एस-सिक्स लोकलने पोर्शेच्या म्युझियमला घेऊन गेले. सोबत नातू. त्याला लाल गाड्या बघायच्या होत्या, मला खालून बघायच्या होत्या. खालून कुणी बघू देत नाही.

दोन गाड्यांपुढे माझे पाय अडकले. पहिली १९०० सालच्या 'सेम्पर विवुस'ची प्रतिकृती. पुढच्या दोन चाकांच्या आतच विजेच्या मोटारी, आणि दोन बारकी पेट्रोल इंजिनं नुसता जनरेटर फिरवायला. इंजिनाचा चाकाशी थेट संबंधच नाही. आपलं रेल्वेचं डिझेल इंजिन असंच चालतं, त्यामुळे ती गाडी बघताक्षणी कळली.

दुसरी ९१८ स्पायडर. २०१३ ते २०१५ मध्ये मोजून ९१८ बनवल्या म्हणे. ही मात्र डोक्यात शिरेना. पाटीवरून आणि जावयांच्या मोबाइलवरून जमवलेली माहिती अशी: ४.६ लिटरचं व्ही-एट (व्हीच्या आकारात बसवलेल्या आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन), ६०८ हॉर्सपॉवर. जोडीला एक मोटर मागे, एक पुढच्या चाकांना. सगळं मिळून ८८७. पण त्यासाठी ३१२ सेलची बॅटरी, दोन मोटारी, जाडजूड केबली आणि हे सगळं थंड ठेवायला पाण्याच्या लाइनी. एवढं लटांबर चढवल्यावर गाडी हलकी करायला सांगाडा कार्बन फायबरचा! एवढं करूनही वजन १,६७४ किलो. याच कंपनीची आधीची करेरा जीटी, तीही कार्बनचीच, १,३८० किलोची होती.

म्हणजे एका हाताने पोतं चढवायचं आणि दुसऱ्या हाताने त्यातले मूठमूठ तांदूळ काढत बसायचं. वर 'वाइसाख पॅकेज' नावाचा प्रकार आहे. मॅग्नेशियमच्या रिमा, टायटॅनियमचे बोल्ट, रंगाऐवजी पातळ फिल्म. त्यात ४१ किलो कमी होतात आणि अमेरिकेत त्याचे ८४,००० डॉलर पडायचे. मी तिथेच हिशेब केला, किलोला दोन हजार डॉलरच्या वर गेला. आम्ही बसच्या टपावरचं कॅरिअर उतरवलं की याहून जास्त वजन फुकटात उतरायचं.

माझा प्रश्न साधा आहे. बॅटरीच घातली नसती तर? जावयांना विचारलं तर ते "पर्यावरण" म्हणाले. ८८७ हॉर्सपॉवर आणि पर्यावरण! जावई आहेत म्हणून गप्प बसलो.

वाह्यात

काका, गाडी घेणाऱ्याने वडापाव सोडला तर निम्मं वाइसाख पॅकेज तिथेच वसूल.

कुंभार्ली

ज्याच्याकडे ही गाडी आहे त्याने वडापाव कधी बघितलाही नसेल हो.

नेकरकाठ

काका, मी तुमच्या लेकीच्याच गावात राहतो, बॅटरी थंड ठेवण्याच्या कामात आहे (पोर्शेत नाही). जावयांना दोष देऊ नका, पण उत्तर पर्यावरण नाही.

वजनाचा आकडा एकटा बघू नका, ते कुठे बसवलंय आणि त्याने काय काय काढून टाकता आलं ते बघा. पुढची मोटर १२९ हॉर्सपॉवरची. तिच्यामुळे गाडी चारही चाकांवर ओढते, पण इंजिनापासून पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, नाही. मधे फक्त केबल. त्या मोटरला गिअरही एकच आहे, २६५ च्या स्पीडला ती चाकांपासून आपोआप सुटते. तसंच इंजिनाला बाहेरून एकही बेल्ट नाही. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, इंजिनाला लटकलेलं काहीच नाही, कारण वीज गाडीत आहेच. म्हणून ते व्ही-एट नुसतं १३५ किलोचं आहे.

आता ते इंजिन. आरएस स्पायडर या रेसच्या गाडीच्या इंजिनावरून आलंय, टर्बो नाही, पूर्ण ताकद ८,७०० आरपीएमला. असलं इंजिन खालच्या आरपीएमला मवाळ असतं. विजेच्या मोटरचं उलटं, शून्यापासूनच पूर्ण जोर. दोघांची गाठ घातली की वळणातून बाहेर पडताना जोर यायची वाट बघावीच लागत नाही. जड असूनही २०१३ च्या सप्टेंबरमध्ये हिने न्यूर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या रेस ट्रॅकची फेरी ६ मिनिटं ५७ सेकंदांत मारली. वाइसाख पॅकेजवालीच होती ती.

आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: ५० किलोच्या वरचा प्रत्येक भाग शक्य तितका खाली आणि शक्य तितका मध्ये, असा नियमच त्यांनी ठेवला होता. त्या नादात गिअरबॉक्स चक्क उलटा करून बसवला.

सायलेन्सरचे पाइप वर, ड्रायव्हरच्या पाठीमागे निघतात ते बघितलंत ना? लोक म्हणतात दिखाऊपणा. खरं तर लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, म्हणून इंजिनाची तापणारी बाजू सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या व्हीच्या आत घेतली आणि गरम हवा सरळ वर काढून दिली. माझ्या दृष्टीने अख्ख्या गाडीतली सगळ्यात हुशार जागा ती.

तंतू

कार्बनबद्दल मी लिहितो, हात रोज त्यातच असतात. (हातमोजे घालून.)

कार्बन फायबरच्या पत्र्याचं वजन स्टीलच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकंच असतं, हे सगळेच सांगतात. खरी मेख दिशेत आहे. बांबू उभा सहज चिरतो, आडवा मात्र तुटता तुटत नाही, कारण धागे एकाच दिशेने. कार्बनचंही तेच. जोर कुठून येणार ते ठरवून एक थर असा, त्यावर दुसरा तिरका, असे थर साच्यात हाताने लावावे लागतात. राळ आधीच मुरवलेलं कापड आम्ही फ्रीजरमध्ये ठेवतो, नाहीतर ते आपसूक घट्ट व्हायला लागतं. थर लावून झाले की वरून पिशवी, आतली हवा काढायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचं. तो म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, शिट्टी नसलेला. एक सुरकुती राहिली की काम भंगारात. ठोकून सरळ करता येत नाही, काका, तुमचा हातोडा इथे बेकार. म्हणूनच अशा गाड्या शेकड्यात निघतात, हजारात नाही.

त्याच वर्षीच्या मॅकलॅरन पी-वनचा (३७५ गाड्या) हिशेब बघा: माणसं बसतात तो छपरासकट कार्बनचा सांगाडा ९० किलो, बॅटरी ९६ किलो. माणसांच्या घरापेक्षा विजेची पेटी जड! आतल्या कार्बनवर लॅकरसुद्धा मारलं नाही, तेवढ्यात दीड किलो वाचलं. आमच्याकडे कुणी दीड किलो वाचवून दाखवलं तर चहा मिळतो.

पुणेरी पंक्चर

बॅटरी जड वाटत असेल तर लॅम्बोर्गिनीची सियान बघा. २०१९ ची, ६३ गाड्या, कारण कंपनी १९६३ ची. साडेसहा लिटरचं व्ही-ट्वेल्व्ह आणि जोडीला फक्त ३४ हॉर्सपॉवरची मोटर. हसू नका. तिथे बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आहे. बॅटरी म्हणजे अरुंद तोंडाची कळशी: पाणी भरपूर, पण ओतायला वेळ. सुपरकपॅसिटर म्हणजे पसरट पातेलं: पाणी थोडं, पण एका झटक्यात रिकामं आणि एका झटक्यात भरलेलं. मोटरसकट सगळं मिळून ३४ किलो, म्हणजे हॉर्सपॉवरला एक किलो. गिअर बदलताना जो धक्का बसतो, तो भरून काढायला तेवढा जोर पुरतो.

फक्त विजेवर लांब जायची अपेक्षा मात्र करू नका. ९१८ इंजिन न लावता तीसेक किलोमीटर जाते, ही जाणार नाही.

नेकरकाठ

कळशी-पातेलं झकास. एकच भर घालतो: ९१८ मध्ये ०.५ जी पर्यंतचं (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराइतकं) ब्रेकिंग मोटारी सांभाळतात आणि त्यातून होणारी वीज परत बॅटरीत भरतात. रोजच्या रस्त्यावर ब्रेकचे पॅड डिस्कला क्वचितच टेकत असतील.

कुंभार्ली

सगळ्यांचे आभार. रात्री दोनदा वाचलं. लेक म्हणते, बाबा झोपा.

ब्रेकचं वाचलं आणि एकदम लख्ख झालं. कुंभार्ली घाटातून भरलेली गाडी खाली आली की डेपोत शिरताना तिचा वास आधी यायचा, तापलेल्या ब्रेक लायनरचा. ड्रम एवढे गरम की पाणी टाकलं तर चर्रकन वाफ. पोफळीपासून वर चढताना जाळलेलं डिझेल, तेच उतरताना लायनर होऊन जळत होतं. ते सगळं आम्ही झाडूने गोळा करून टाकून द्यायचो. इथे ते पुन्हा पेटीत भरतात. म्हणजे पोत्यातले तांदूळ सांडत नाहीत असं म्हणा. ते पटलं, बॅटरी राहू द्या.

वाइसाखचे किलोला दोन हजार डॉलर मात्र अजून पटलेले नाहीत. ६ मिनिटं ५७ सेकंद झाले असतील, पण त्या फेरीत ४१ किलोचा वाटा किती आणि चालवणाऱ्याचा किती, ते कोण सांगणार?

तंतू, बांबूचं अगदी बरोबर. आमच्याकडे मांडव घालणाऱ्यांना हे ऑटोक्लेव्हशिवाय माहीत असतं.

जावयांना आज सकाळी प्रोपेलर शाफ्टची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "बाबा, तेच तर मी म्हणत होतो." म्हणू देत.

पण नेकरकाठ, तुमच्या एका वाक्याने झोप उडाली आहे. गिअरबॉक्स उलटा बसवला, कबूल. मग ऑइलची लेव्हल बघायचा बोल्ट कुठे, आणि ऑइल सोडायचं कुठून? सोयीने सांगा. मी पुढच्या रविवारी परत जाणार आहे, नातवाला गाडीखाली वाकायला सांगतो. त्याला कुणी ओरडणार नाही.