मिंडेलो बंदराबद्दल कुणाला माहिती आहे का?

देवगडकर: धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, त्याचं जहाज रिपेअरसाठी केप व्हर्देतल्या (आफ्रिकेच्या पश्चिमेला बेटांचा देश आहे तो) मिंडेलोला लागणार आहे. आईने कुठूनतरी ऐकलंय की तिथे पाऊसच पडत नाही, तेव्हापासून तिचं एकच चालू, पोरगा पाणी काय पिणार? काय सांगू तिला?

दर्यावर्दी: आईंना सांगा निर्धास्त राहा. मिंडेलो ज्यावर आहे ते साव व्हिसेंते बेट खरंच उघडंबोडकं आहे, पाऊस झालाच तर ऑगस्ट ते ऑक्टोबर, तोही चार सरी. नळाला समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं, पिण्यासाठी बाटली घ्यायची. पण बंदर एक नंबर! पोर्तो ग्रांदे खाडीला डोंगरांचा आडोसा आहे, पाणी खोल आहे, म्हणूनच तर इंग्रजांनी १९व्या शतकात तिथे आगबोटींसाठी कोळशाचे डेपो टाकले आणि गाव वाढलं. समोरचा मोंते कारा डोंगर बघायला सांगा, आडव्या झोपलेल्या माणसाचा चेहरा, कपाळ नाक हनुवटी सगळं स्पष्ट दिसतं.

मालवणी_सुगरण: आणि जेवणाचं टेन्शन नको हो, मासे ताजे मिळतात, शिवाय काशुपा म्हणून मका आणि कडधान्यं तासन् तास शिजवून करतात, सकाळी उरलेला परतून वर अंडं. आपल्या पोरांना आवडेलच.

दर्यावर्दी: सुट्टी मिळाली तर फेरीबोटीने समोरच्या सांतो आंताव बेटावर जाऊन ये म्हणावं, तासाभराचा प्रवास, तिथल्या दऱ्यांत ऊस केळी सगळं हिरवंगार. आणि संध्याकाळी गावात मोर्ना (तिथली संथ, हळवी गाणी) ऐकच म्हणावं, मोर्ना गाणारी प्रसिद्ध गायिका सेझारिया एव्होरा तिथलीच, विमानतळालाही तिचंच नाव आहे.