रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, हेड उतरवू का?

प्रश्न (सातारा)
दहाचाकी ट्रक, कमिन्सचं ६बीटी इंजिन, ५.९ लिटर. भरलेली गाडी खंबाटकी चढताना गरम होते, रेडिएटर पाणी बाहेर फेकतो. थंड इंजिन झाकण काढून चालू केलं तरी बुडबुडे. ऑइल दुधाळ नाही. मिस्त्री म्हणतात हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग) उडालं, लायनरची (पिस्टन ज्यात फिरतो त्या वेगळ्या नळीची) उंचीही मोजू.

उत्तर (मिरज)
आधी एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर तपासा. त्याच्या हेडमधून इंजिनचंच पाणी फिरतं, त्यामुळे तिथलं गॅस्केट गेलं तरी रेडिएटरला हवा येते. हवेची टाकी भरून गव्हर्नरने कट मारल्यावर, म्हणजे कॉम्प्रेसरचं हवा भरणं थांबवल्यावर, बुडबुडे थांबले तर दोष तिथेच. विनाकारण हेड उतरवू नका.

आणि ६बीटीला लायनर नसतात, बोअर थेट ब्लॉकमध्ये असतो. मोजायचा तो ब्लॉकचा फेस (वरचा सपाट पृष्ठभाग), सरळ पट्टी आणि फीलर गेजने.

प्रश्नकर्ता
कट मारल्यावरही बुडबुडे तसेच.

उत्तर (कराड)
मग हेडच. पूर्ण थंड झाल्यावरच उतरवा, गरम हेड सोडलं तर वाकतं. ब्लॉकचा फेस ग्राइंडरच्या चकतीने घासू नका, खड्डे पडतात आणि तिथूनच पुन्हा गळती होते. हेडची क्रॅक टेस्ट करून मगच फेस मारा (मशीनवर सपाट करून घ्या). फेस मारल्यावर व्हॉल्व्ह किती आत बसलेत ते मोजायलाच हवं, कमी खोल राहिले तर पिस्टनवर आपटतील.

बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करा. आत तेल-पाणी साचलं असेल तर टॉर्क लागल्यासारखा वाटतो, पण हेड दबत नाही. बोल्ट २६ असतात. लांबी ताणलेले बाजूला काढा, बाकीच्यांच्या आट्यांना आणि डोक्याखाली थोडं ऑइल लावा. मधून बाहेर या क्रमाने सगळे ९० न्यूटन-मीटर, मग लांब बोल्ट १२०, शेवटी सगळे ९० अंश. जुन्या इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून इंजिन नंबरवरून मॅन्युअल पाहा.

टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर: इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.५० मिमी. इंजेक्टरखाली नवा तांब्याचा वॉशर, एकच. जुना आत चिकटलेला असतो, तो काढायचा राहतो.

उत्तर (मिरज)
थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का बघा, फॅनचा पट्टा आणि वॉटर पंपही. रेडिएटर आतून चोंदला असेल तर नवं गॅस्केटही त्याच घाटात जाईल. कूलंट सावकाश भरा, घाईत भरलं तर हेडमध्ये हवा अडकते.